रोबोट थांबला की आधी हवा बघा

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. शेजारच्या गाळ्यातली पॉवर प्रेस गप्प असते, मागच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी थंड असते आणि मला टेबलावरचे वायरींचे तुकडे हाताने सारून निवांत पत्रं वाचता येतात. कारखान्यातलं ऑटोमेशन आणि रोबोटची देखभाल यांविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. निम्म्यांच्या खाली एकच ओळ : ‘नाव छापू नका, साहेब वाचतात.’ म्हणून गावं तेवढी ठेवली आहेत.

मला ओळखत नसाल तर सांगते : मूळची जुन्नर तालुक्यातली, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, 2001 पासून याच पट्ट्यात. आधी मेंटेनन्स, मग लाइन उभ्या करून देणाऱ्या एका फर्ममध्ये कमिशनिंग, आणि गेली नऊ वर्षं कंट्रोल पॅनेलचा स्वतःचा छोटा गाळा. गिऱ्हाईक मॅडम म्हणतात, पोरं ताई म्हणतात. इथे ताईच बरं.

प्रश्न : ताई, मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका क्लासने पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), स्काडा (स्क्रीनवरून लाइनवर देखरेख) आणि रोबोटिक्सचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय. फी 75,000 रुपये, ‘शंभर टक्के नोकरी’. वडील म्हणतात, एक म्हैस काढू. करू का? (वाडा, ता. खेड)

म्हैस राहू दे. ती रोज दूध देते, क्लास काय देतो ते आधी जाऊन बघ.

डेमो लेक्चरला बसू नकोस, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. चालू बॅचमध्ये मागे तासभर बसू द्या म्हण. पोरं किती आणि पीएलसी किती ते मोज. पंचवीस पोरं आणि काचेच्या कपाटात दोन पीएलसी असतील, तर चहा पिऊन घरी ये. मग विचार, वायर आम्ही सोलायची का? फेरूल (वायरच्या टोकाची टोपी) आम्ही दाबायची का? बऱ्याच ठिकाणी लॅपटॉपवर सिम्युलेशन दाखवतात. स्क्रीनवरचं लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, नेहमीच चालतं रे, कारण स्क्रीनवर वायर ढिली होत नाही आणि उंदीर केबल खात नाहीत.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. पीएलसी मुळात तुझ्यासारख्या इलेक्ट्रिशियनसाठीच बनला. 1968 च्या सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्स रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलना वैतागली होती. मॉडेल बदललं की भिंतभर रिलेंचं वायरिंग उपसायचं आणि पुन्हा करायचं. त्यांना हवा असलेला कंट्रोलर डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, नाव मोडिकॉन 084. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली, म्हणजे कारखान्यातल्या वायरमनला ती वाचता यावी. तीच ही लॅडर. तू डीओएल स्टार्टरचं (मोटर थेट चालू करणाऱ्या साध्या स्टार्टरचं) ड्रॉइंग डोळे मिटून काढू शकत असशील, तर निम्मा रस्ता आलाच आहेस.

उरलेला रस्ता घरी कर. प्लायवूडचा तुकडा घे. त्यावर 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस), एक हिरवं बटण, एक लाल बटण, दोन रिले, एक कॉन्टॅक्टर, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि दोन इंडिकेटर बसव. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हे सगळं मिळतं. दोन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आमच्या वेळी कुदळवाडीच्या भंगारात किलोवर कॉन्टॅक्टर मिळायचे, पण 2025 मध्ये तिथली शेडं पाडली, तो बाजार आता पांगला. जुना छोटा पीएलसी, डेल्टाचा किंवा मित्सुबिशीचा, ओळखीने मिळाला तर बघ. आधी रिलेवर होल्डिंग (बटण सोडलं तरी चालू राहणं) कर, मग तेच पीएलसीवर. मग मोटर सुलटी-उलटी, मधे इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम लागणार नाहीत. मग एक वायर मुद्दाम ढिली कर आणि धाकट्या भावाला सांग, तू दुसरी ढिली कर, मला सांगू नकोस. ती शोध. कुठल्याही क्लासच्या सर्टिफिकेटवर हे लिहून येत नाही.

मी पोरं घेते तेव्हा दोनच प्रश्न ठरलेले असतात. इमर्जन्सी स्टॉपला एनसी (एरवी जुळलेला) कॉन्टॅक्ट का वापरतात, एनओ (एरवी उघडा) का नाही? आणि सेन्सरचा सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअर का, शून्यापासून का नाही? दोन्हींचं उत्तर एकाच जातीचं आहे : वायर तुटली तर कळलं पाहिजे. एनसीची वायर तुटली की मशीन थांबतं. एनओची तुटली तर कोणाला पत्ताच नसतो, आणि ज्या दिवशी जीव खाऊन बटण दाबशील त्या दिवशी काही होत नाही. तसंच 4 मिलिअँपिअर म्हणजे ‘टाकी रिकामी आहे, पण मी जिवंत आहे’, आणि शून्य म्हणजे वायर गेली. सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आलेली पोरं इथे छताकडे बघायला लागतात.

आयटीआय झाली की अप्रेंटिसशिप कर. मोठ्या नावाची कंपनी मिळाली नाही तर रडू नकोस. छोट्या कारखान्यात तुला पॅनेल उघडायला देतील, मोठ्यात वर्षभर चेकलिस्ट भरायला लावतील, असंही होतं. काही सरकारी आयटीआयमध्ये आता इंडस्ट्रियल रोबोटिक्सचा वेगळा ट्रेडही आहे, चौकशी कर. हे सगळं करूनही क्लास हवासा वाटला तर एका पीएलसीवर दोघं बसतात असा शोध. तोवर म्हैस व्यालेलीही असेल.

प्रश्न : स्पॉट वेल्डिंगच्या रोबोटवर मी मेंटेनन्सला आहे. ग्रिपरच्या (रोबोटच्या पकडणाऱ्या पंजाच्या) ‘क्लॅम्प बंद’ सेन्सरचा फॉल्ट दिवसातून दोन-तीनदा येतो. रिसेट मारला की चालतो. सेन्सर दोनदा बदलला, सेन्सरचा सिग्नल घेणारं इनपुट कार्डही बदललं. आता प्रोग्रॅममध्येच काहीतरी असेल असं साहेब म्हणतात. टायमर वाढवू का? (चाकण)

लॅपटॉप मिटा. काल चाललेला प्रोग्रॅम आज आपोआप बदलत नाही. तो बदलायला माणूस लागतो, आणि माणसाने बदलला असेल तर बॅकअपशी ताडून पाच मिनिटांत कळतं. तांबं, रबर आणि हवा मात्र रोज बदलत असतात.

आधी फॉल्ट किती वाजता येतो ते लिहा. ‘दोन-तीनदा’ ही नोंद नव्हे. वही घ्या, वेळ लिहा, कुठल्या स्टेपला आला ते लिहा, आणि रिसेट मारण्याआधी पेंडंटवर (रोबोट हाताने चालवायच्या रिमोटवर) सहाही ॲक्सिसचे, म्हणजे सांध्यांचे, आकडे उतरवून घ्या. सगळे इथेच घाई करतात. रिसेट मारला की पुरावा गेला.

मी मेंटेनन्सला असताना एका लाइनवर असाच फॉल्ट यायचा. आठवड्याची वही चाळली तर बहुतेक नोंदी दुपारी सव्वातीन ते साडेतीनच्या. पहिली पाळी सुटायची वेळ. मी सव्वातीनला जाऊन उभी राहिले, हात खिशात घालून. काय झालं असेल? पाळी सुटताना पोरं एअर गनने अंगावरची धूळ उडवत होती. (हे करू नये. दाबाची हवा डोळ्यात-कानात गेली की माणूस अधू होतो. तो वेगळा विषय.) सात-आठ गन एकदम सुरू झाल्या की हवेच्या पाइपच्या त्या फाट्यावरचा दाब साडेपाच-सहा बारवरून चारच्या खाली यायचा. ग्रिपरचा सिलिंडर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जायचाच नाही, मग त्यावरच्या रीड स्विचला, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरला, आतलं चुंबक कुठून दिसणार? प्रोग्रॅम वाट बघून बघून फॉल्ट देणार. सेन्सर खरं तेच सांगत होता आणि आम्ही त्यालाच बदलत होतो. म्हणून आमच्या गाळ्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो, रोबोट थांबला की आधी एफआरएलच्या, म्हणजे हवा गाळून तिचा दाब नेमणाऱ्या युनिटच्या, काट्याकडे बघ.

तुमच्या नोंदींमध्ये अशी ठरावीक वेळ निघाली नाही आणि ॲक्सिसचे आकडे मात्र दरवेळी जवळपास सारखे निघाले, तर संशय केबलवर घ्या. ग्रिपरकडे जाणारी केबल पाचव्या-सहाव्या ॲक्सिसवरून वळते. दिवसभर हजारदा पीळ. आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र धडधाकट. रोबोट होमला आला की पीळ सुटतो, तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना टेकतात, तुम्ही मल्टिमीटर लावता आणि तो इमानदारीत बीप करतो. सगळे म्हणतात, केबल ओके.

तपासायचं असं : जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) पकडून ग्रिपर बंद ठेवा. सिलेक्टर टी1 मध्ये, म्हणजे हाताने सावकाश चालवायच्या मोडमध्ये. अनुभवी माणसाच्या हातात पेंडंट, त्याने फक्त मनगटाचे ॲक्सिस एकेक करून सावकाश फिरवायचे, फॉल्टच्या वेळी लिहून घेतलेल्या आकड्यांपर्यंत. तुम्ही रोबोटच्या पिंजऱ्याबाहेर, इनपुट कार्डासमोर. त्या एका हिरव्या दिव्यावरून नजर हलवू नका, पापणीसुद्धा बेतानेच. एखाद्या कोनात तो नुसता लुकलुकेल, विझणारही नाही पूर्ण. सापडलं. मी अशी एक केबल चिरून बघितली होती. बाहेरून नवीकोरी, आत तारांची टोकं काळी पडलेली आणि सुईसारखी टोकदार. ती रोबोटसाठीची लवचिक केबल नव्हतीच, कोणीतरी साधी पीव्हीसी घालून पैसे वाचवले होते. तुमची कुठली आहे, आवरणावर छापलेलं वाचा.

आणि टायमर वाढवू नका. टायमर वाढवला की फॉल्ट जातो आणि अर्धवट पकडलेला जॉब वेल्डिंगला जातो.

प्रश्न : माझ्या मुलीचा मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला. रोबोट लाइनच्या देखभालीची नोकरी लागली आहे, तिन्ही पाळ्या. यजमानांचा होकार आहे, माझा जीव वरखाली होतो. मशीन माणूस ओळखत नाही म्हणतात. खरं काय ते सांगाल का? (तळेगाव दाभाडे)

काकू, खरं सांगते. ओळखत नाही. पिंजऱ्यातला मोठा रोबोट ज्या जोरात पत्र्याचा दरवाजा उचलतो त्याच जोरात माणसाला ढकलेल. म्हणून तर पिंजरा, कुलूप आणि लाइट कर्टन (प्रकाशाचा पडदा, मधे काही आलं की मशीन थांबतं).

पण तुमची मुलगी आत जाईल तेव्हा रोबोट ऑटोत नसेल. पॉइंट, म्हणजे कुठे जायचं ती जागा, शिकवायचा असेल तर तो टी1 मध्ये असतो. त्यात त्याचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे ताशी एक किलोमीटरही नाही. तिच्या हातात पेंडंट असेल, त्याच्या मागच्या बाजूला एक बटण असतं. ते अर्धं दाबून धरलं तरच रोबोट हलतो. सोडलं तर थांबतो, आणि घाबरून गच्च आवळलं तरीही थांबतो. माणूस दचकला की हात एकतर सोडतो नाहीतर मूठ आवळतो. ज्याने हे बटण शोधून काढलं त्याने माणूस नीट पाहिला होता.

यंत्रापेक्षा मला भीती ‘पाच मिनिटांपुरतं’ या शब्दाची वाटते. 2004 सालची गोष्ट. एका कारखान्यात मशीनच्या पिंजऱ्याच्या दाराचा स्विच वारंवार त्रास देत होता. माल निघायचा होता. इनचार्ज म्हणाले, पाच मिनिटांपुरता जंपर मार, संध्याकाळी नवीन स्विच येतोय. मी पॅनेलमध्ये वायरचा बोटभर तुकडा लावला. दार उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटू लागलं. संध्याकाळी स्विच आला नाही, दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या लाइनला, आणि तो तुकडा अकरा दिवस तिथेच राहिला. बाराव्या दिवशी एक हेल्पर खाली पडलेला जॉब उचलायला दार उघडून आत गेला. ग्रिपर त्याच्या कानाजवळून गेला. टोपी उडाली, तो तसाच खाली बसला. त्याला खरचटलंही नाही. मी मात्र त्या रात्री बसमध्ये उतरायचा स्टॉप चुकवून पुढे गेले. जंपर मी मारला होता, इनचार्जांनी नव्हे.

तेव्हापासून माझ्याकडे जंपर एकाच प्रकारचा : गुलाबी, दीड हात लांब, टोकाला पत्र्याचा बिल्ला. तपासणीपुरता लावला तर तो पॅनेलच्या बाहेर लोंबतो आणि दार बंदच होत नाही. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. आणि सेफ्टीच्या स्विचला तो लावायचा नाही, मालक आला तरी. मुलीला एवढं सांगा, ‘नाही’ म्हणायला नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच सुरुवात करायची. नंतर जड जातं.

कंपनीत जाऊन चौकशी करता आली तर ही करा. प्रत्येकाला स्वतःचं कुलूप देतात का? दुरुस्तीला आत जाताना मेन स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, हे खरं कुलूप. सगळ्यांत मिळून एक किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ते नाटक. रात्रपाळीची गाडी घराच्या दारापर्यंत येते की हायवेच्या फाट्यावर सोडते? लाइनपासून बायकांचं स्वच्छतागृह किती लांब? हा प्रश्न विचारताना मी पहिली पाच वर्षं लाजले आणि पाणी कमी पीत राहिले. त्याचं बिल नंतर डॉक्टरांकडे भरलं.

ओढणी, बांगड्या, लोंबते कानातले घरी. माझं मंगळसूत्र पॅनेलच्या कामाच्या दिवशी गळ्यात नसतं. सुरुवातीला सासूबाई गप्प गप्प होत्या. मग एकदा त्यांना सांगितलं, सोन्याची साखळी 415 व्होल्टच्या दोन पट्ट्यांवर आडवी पडली तर काय होतं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत कुंकवाची एक रिकामी डबी होती, मंगळसूत्र ठेवायला.

प्रश्न : सीओटू वेल्डिंग करतो, वय 47. आमच्या शॉपमध्ये दोन वेल्डिंग रोबोट येणार आहेत. आम्ही सहाजण आहोत. आता आमचं काय? (आकुर्डी)

दादा, सहाही जण तिथेच राहाल असं मी लिहिलं तर ती थाप होईल. कंत्राटावर असलेल्यांना आधी हलवतात, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. हजेरीपटावर कायम असाल तर वेळ हातात आहे. ती वेळ कशी वापरायची ते सांगते.

रोबोट बसवायला जी माणसं येतील, त्यांना पीएलसी येतं, रोबोट येतो, वेल्डिंग येत नाही. तुम्हाला आर्कच्या आवाजावरून कळतं की व्होल्टेज जास्त आहे. दोन पत्र्यांत फट दिसली की तुमचा हात आपसूक थोडा रेंगाळतो. रोबोटला ती फट दिसतच नाही. तो शिकवलेल्या जागी शिकवलेल्या वेगाने जातो, खाली पत्रा असो वा नसो. पहिले दोन महिने नुसते छिद्रांचे जॉब निघतात, आणि दोष फिक्स्चरचा (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याचा) की कटिंगचा यावर मीटिंगा चालतात. त्या दिवसांत तुम्ही त्या पोरांच्या शेजारी उभे असले पाहिजे. टॉर्चचा कोन, तारेची बाहेर राहणारी लांबी, कुठून सुरू करून कुठे संपवायचं, म्हणजे पत्रा वाकणार नाही, हे त्यांना सांगा आणि बदल्यात पेंडंट मागून घ्या. पेंडंट दिसायला भारी, पण वापरायला तुमच्या मोबाइलपेक्षा अवघड नाही. पॉइंट साठवायचा, वेग द्यायचा, करंट-व्होल्टेज द्यायचं. इंग्रजीची भीती असेल तर लागणारे वीस-पंचवीस शब्द वहीत मराठीतून लिहून काढा. मी एका वेल्डरकाकांना असे लिहून दिले होते. आज ते रोबोटवरचे सेटर आहेत आणि नवीन इंजिनिअरला ‘अहो, आर्क ऐका जरा’ म्हणून दटावतात.

पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, 1961 मध्ये न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तो साच्यातून निघणारे तापलेले कास्टिंग उचलायला. ते काम माणसाच्या अंगावरून गेलं याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्या छातीतला वेल्डिंगचा धूर कमी झाला तर त्याचंही वाटणार नाही. पण धूर कमी झाला म्हणून पगार कमी, असं कोणी म्हणालं तर युनियनकडे जा. आणि अर्ज आजच द्या, ‘रोबोट ऑपरेशनच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव घ्यावं’, पोच घेऊन. तोंडी बोलणं नको.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीनंतर रोबोट चालू केला तर बॅटरीचा अलार्म आणि ऑटोत जातच नाही. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. बोर्ड गेला का? (शिरवळ)

बोर्ड गेला नाही, रोबोट स्वतःची जागा विसरला. कंट्रोलर बंद असताना सांध्यांतले एन्कोडर (सांधा किती फिरला ते मोजणारे) बॅटरीवर आपली मोजणी जपतात. सुट्टीत मेन बंद, बॅटरीचे सेल आधीच मरायला टेकलेले, मोजणी पुसली गेली. आता नवीन सेल घालून आठवण परत येत नाही, मास्टरिंग करावं लागेल, म्हणजे त्याला सांध्यांची मूळ जागा पुन्हा शिकवावी लागेल. प्रत्येक सांध्यावर दोन खुणा असतात. ग्रीस पुसा, त्या जुळवून घ्या. मॅन्युअलप्रमाणे मास्टरिंग करा आणि मग लगेच ऑटोत टाकू नका. टी1 मध्ये एखाद्या माहितीच्या पॉइंटवर नेऊन टोकाला टोक जुळतंय का ते बघा. यात चूक झाली तर फिक्स्चर फुटतं.

पुढच्या वेळेसाठी : फानुक कंपनीच्या पिवळ्या रोबोटच्या बऱ्याच मॉडेलांत तळाशी डी साइझचे चार सेल असतात, ते दर दीड वर्षाने बदलायचे. बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा आणि इमर्जन्सी दाबून ठेवायची. सगळे सुरक्षिततेच्या नावाखाली मेन बंद करून सेल काढतात आणि तिथेच मास्टरिंग घालवतात. सेल कधी बदलले ती तारीख मार्करने झाकणावरच लिहा. दिवाळीआधीच्या कामांच्या यादीत फराळाच्या वर हे काम हवं.

प्रश्न : या लाइनमध्ये पगार किती मिळतो? (तेरा पत्रं)

आकडा छापणार नाही, पुढच्या महिन्यात तेरा भांडणं माझ्या दारात येतील. कायम की कंत्राट, ओव्हरटाइम दुप्पट मिळतो का आणि साइटवर बाहेरगावी पाठवलं तर राहण्या-जेवण्याचं कोण बघतं, हे तीन विचारून मग आकड्याकडे या. कमिशनिंगवाल्याचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात महिन्याचे वीस दिवस लॉजवरचे असतात.

प्रश्न : खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीनची पूजा करतो. नवीन साहेब म्हणतात, रोबोटला हार-कुंकू नको. जुने कामगार नाराज आहेत. तुमचं मत? (रांजणगाव)

पूजा करावी. मीही करते. टेस्टर, क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर सगळं पाटावर मांडते. पण तुमच्या साहेबांना कदाचित माझ्यासारखा अनुभव आला असेल.

एका कारखान्यात आम्ही जॉब तपासायचा कॅमेरा बसवला होता. दसरा झाला, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू झाली आणि कॅमेरा प्रत्येक जॉब नापास करू लागला. मी लॅपटॉप जोडून बसले. प्रकाशाचं सेटिंग बदललं, मर्यादा बदलल्या, फोनवरून कंपनीच्या माणसाला विचारलं. दोन तास गेले. झाडणाऱ्या मावशी दोनदा जवळून गेल्या, तिसऱ्यांदा थांबल्या. म्हणाल्या, ‘ताई, त्या डोळ्याला काल हळदकुंकू वाहिलंय, त्याचं तर नसेल ना काही?’ वर चढून बघते तर भिंगाच्या बरोबर मध्यभागी बोटभर कुंकू. मी, जी सगळ्यांना आधी मशीनजवळ जा म्हणून सांगते.

तर असं करा. हार कंट्रोलरच्या कॅबिनेटला, पंख्याची जाळी सोडून. कुंकू बेसच्या प्लेटला. झेंडू पिंजऱ्याच्या खांबांना बांधा, पण लाइट कर्टनच्या खांबांना नको. एक पाकळी लोंबली तरी लाइन सुरूच होणार नाही आणि सगळे सेफ्टी रिले तपासत बसाल. नारळ शॉपच्या दाराबाहेर फोडा. त्याचं पाणी केबल ट्रेमध्ये गेलं की मुंग्या येतात, आणि मुंग्या कार्डात शिरतात. पूजेच्या वेळी मेन बंद, कुलूप लावलेलं. किती हार घातले ते कोणीतरी एकाने मोजून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऑटोत टाकण्याआधी तेवढेच निघाले का ते त्यानेच बघायचं.